वाहनकर, परदेशातले रस्ते आणि गोव्याचा पावसाळा

प्रश्न म्हापशाहून आला आहे. थोडक्यात असा: "गेल्या वर्षी गाडी घेतली. रस्ता कर एकरकमी भरला, पेट्रोलवर कर देतोच. धाकटा भाऊ इंग्लंडात स्विंडनला, चुलतबहीण लिस्बनला, मेहुणा दुबईला. तिकडचे रस्ते असे उखडत नाहीत, असे तिघेही सांगतात. तिकडे कर जास्त म्हणून रस्ते चांगले, की आपला पैसा कुठे तरी मुरतो? आणि चतुर्थीआधी बुजवलेला खड्डा दिवाळीपर्यंत का टिकत नाही?"

आधी करांचा हिशेब एका मापात आणू, कारण घरातले बहुतेक वाद इथेच भरकटतात. गाडीवर चार ठिकाणी पैसे जातात: विकत घेताना, नोंदणी करताना किंवा दरवर्षी, इंधन भरताना, आणि टोलवर. आपण आपला जीएसटी मोजतो आणि भावाने गाडीवर भरलेला २० टक्के व्हॅट विसरतो. सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे लहान गाडीला, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला, १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांना ४० टक्के, विजेवरच्यांना ५ टक्के. हा वस्तूवरचा कर आहे, तसाच तो फ्रिजवरही लागतो. रस्त्याशी त्याचा संबंध जोडायचा असेल तर दोन्ही देशांत जोडा, नाही तर दोन्हीकडे सोडून द्या.

उरलेल्याचा हिशेब किलोमीटरमागे करा. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर, म्हणजे ६२५ लिटर पेट्रोल. समजा नोंदणीच्या वेळी ८०,००० रुपये रस्ता कर भरला आणि गाडी दहा वर्षे वापरणार, तर किलोमीटरमागे ८० पैसे. मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्राचे शुल्क लिटरला १९ रुपये ९० पैसे होते, एप्रिल २०२५ मध्ये त्यात २ रुपयांची भर पडली. त्या दराने वर्षाला सुमारे १३,७०० रुपये होतात, किलोमीटरमागे १ रुपया ३७ पैसे. दोन्ही मिळून सव्वादोन रुपयांच्या आसपास, वर राज्याचा व्हॅट. पावतीवरचा तुमचा स्वतःचा आकडा यात घाला, म्हणजे हिशेब तुमच्या गाडीचा होईल.

आता स्विंडनच्या भावाचा. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये इंधन शुल्क ५७.९५ पेन्सवरून ५२.९५ पेन्सवर आणले. तेवढेच ६२५ लिटर भरले तर ३३१ पौंड, त्या शुल्कावर पुन्हा २० टक्के व्हॅट म्हणजे आणखी ६६ पौंड, आणि वार्षिक वाहनकराचा २०२५-२६ चा सर्वसाधारण दर १९५ पौंड. बेरीज ५९२ पौंड, किलोमीटरमागे सुमारे ५.९ पेन्स. पौंड ११५ रुपयांचा धरला तर पावणेसात ते सात रुपये. तुमच्या दुपटीहून बरेच अधिक. मिळकतीच्या मानाने पाहिले तर चित्र उलटते, तुमच्या पगारातला मोठा वाटा जातो, त्यामुळे तुमची चीड खोटी नाही. पण "तिकडे कमी कर आणि चांगले रस्ते" हे ब्रिटनपुरते तरी खरे नाही.

आणि "चांगले रस्ते" हेही ब्रिटनच्या बाबतीत अर्धेच खरे. तिथले महामार्ग उत्तम आहेत, पण गल्ल्या आणि गावरस्ते स्थानिक कौन्सिलांकडे असतात आणि त्यांची अवस्था तिथल्या लोकांच्या रोजच्या तक्रारीचा विषय आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांच्या २०२५ च्या पाहणीत साठलेल्या दुरुस्तीचा आकडा १,६८१ कोटी पौंड निघाला आणि एखादा रस्ता नव्याने डांबरायची पाळी सरासरी ९३ वर्षांनी येते असे दिसले. एवढा कर घेऊनही असे का? कारण तो पैसा रस्त्यासाठी राखलेला नाही. १९२० च्या कायद्याने तिथे खास रस्ते निधी केला होता; १९३७ नंतर वाहनकर सरळ सरकारी तिजोरीत जाऊ लागला. लोक अजून त्याला रस्ता कर म्हणतात, पण इस्पितळ असो की पेन्शन, त्याच तिजोरीतून सगळे चालते.

आपल्याकडेही तेच. राज्यघटनेने वाहनांवरचा कर राज्याच्या यादीत टाकला आहे, म्हणून गोव्याचा दर वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. वाहतूक खात्यात भरलेला तुमचा रस्ता कर राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तो साबांखाच्या, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, डांबरासाठीच वापरावा असे बंधन नाही. केंद्राच्या पेट्रोल शुल्कात मात्र रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर म्हणून वेगळा तुकडा असतो, २०२२ च्या कपातीनंतर लिटरला ५ रुपये. तो केंद्रीय रस्ते निधीत जातो आणि राज्यांना त्यातून ठरावीक कामांसाठी पैसे मिळतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतून रस्त्यांखेरीज इतर पायाभूत कामेही होऊ शकतात, हे लक्षात ठेवा. इंधनावरचा दर राजकारणानेही हलतो. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे ११ रुपये उतरले. बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला येऊ लागल्या. ग्राहकांना दिलासा मिळाला, पण त्या वर्षी रस्त्यांची गरज तेवढीच राहिली. कर आणि रस्ता यांच्यातला धागा किती सैल आहे, ते यातून कळते.

सर्वांत जास्त कर घेणारे देश तर रस्त्यासाठी घेतच नाहीत. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचे हक्कपत्र लिलावात घ्यावे लागते. २०२३ मध्ये लहान गाडीचे हक्कपत्रसुद्धा एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेले होते. त्यावर नोंदणी शुल्क गाडीच्या आयात किमतीच्या १०० टक्क्यांपासून सुरू होते आणि महागड्या गाडीच्या वरच्या टप्प्याला ३२० टक्क्यांपर्यंत चढते. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराचा सर्वांत वरचा टप्पा १५० टक्के. दोन्हीकडे उद्देश गाड्या कमी ठेवणे हा आहे. सिंगापूर २०१९ च्या जागतिक स्पर्धात्मकता अहवालात रस्त्यांच्या दर्जात पहिले होते, पोर्तुगाल पहिल्या दहांत, ब्रिटन छत्तिसावे आणि भारत अठ्ठेचाळिसावा. ही क्रमवारी उद्योगांतल्या वरिष्ठांना विचारून एक ते सात गुण देऊन केलेली होती. रस्त्यावर यंत्र फिरवून केलेली नव्हती. अभियंते खडबडीतपणा मोजतात तो आंतरराष्ट्रीय निर्देशांकाने, एका किलोमीटरमध्ये चाक किती मीटर वर-खाली झाले यावरून. उद्योगपती विमानतळाहून हॉटेलपर्यंत जातो तो रस्ता आणि दूधवाला वाड्यावर जातो तो रस्ता वेगळा, म्हणून अशा यादीवरून शर्यत लावू नका.

लिस्बनच्या बहिणीकडे वळू. पोर्तुगालमध्ये नोंदणीच्या वेळी इंजिनाची क्षमता आणि कार्बन उत्सर्जन पाहून कर लागतो, मग दरवर्षी वापराचा वेगळा कर, ज्याचा वाटा नगरपालिकांना मिळतो. त्यांचे सुमारे ३,००० किलोमीटरचे द्रुतमार्ग युरोपीय निधी, कर्ज आणि खासगी कंपन्यांचे दीर्घ करार यांतून उभे राहिले. काही मार्गांवर आधी वाहनचालकाकडून टोल घेतच नसत. किती गाड्या गेल्या ते मोजून सरकारच कंपनीला पैसे द्यायचे. तो बोजा पेलेना म्हणून २०१० पासून तिथे इलेक्ट्रॉनिक टोल बसवले आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यांतल्या अनेक मार्गांवरचा टोल पुन्हा काढला. म्हणजे बहिणीला दिसणारा गुळगुळीत रस्ता बांधायला लागलेला पैसा वेगवेगळ्या पिढ्यांच्या खिशांतून जातो आहे. एक बाजूची गोष्ट: पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडचा सगळा मुलूख डावीकडून चालत होता.

दुबईच्या मेहुण्याचे सर्वांत सोपे. ऑगस्ट २०१५ पासून तिथे पेट्रोलचा दर बाजाराशी जोडला, जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला, २००७ पासून सालिक नावाचा टोल आहे. पण रस्ता टिकण्याचे कारण यांपैकी कशातच नाही. वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस आणि खाली कोरडी वाळू, असे असले की डांबराचा मुख्य शत्रूच नाहीसा होतो. १६ एप्रिल २०२४ ला एका दिवसात वर्षभराहून जास्त पाऊस झाला तेव्हा तेच रुंद रस्ते दिवसचे दिवस पाण्याखाली होते. पणजीला दरवर्षी सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लंडनला ६०० मिलिमीटर, तोही बारा महिने भुरभुर. त्यांना छळतो तो गोठणारा थेंब: पाण्याचे बर्फ होताना आकारमान नऊ टक्क्यांनी वाढते आणि भेग रुंदावते. आपल्याला छळते ते वाहते आणि साचलेले पाणी. दोन्हीकडचे उपाय वेगळे, त्यामुळे नमुनेही जसेच्या तसे उचलता येत नाहीत. हॉलंडमध्ये द्रुतमार्गांवर नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी पाणी झिरपू देणारे सच्छिद्र डांबर आहे. पावसाच्या गोव्याला ते अगदी योग्य वाटेल, पण इथली लाल धूळ त्याची छिद्रे एका हंगामात बुजवून टाकील.

परदेशाकडून घ्यायची खरी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती म्हणजे वजनावरचा कर. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास वर्तुळाकार रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षे लष्करी चालकांकडून ट्रक फिरवले. त्यातून नियम निघाला तो आजही जगभर वापरला जातो: रस्त्याचे नुकसान आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) वजनाच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. तुमच्या गाडीच्या एका आसावर ७०० किलो धरा आणि ट्रकच्या मागच्या आसावर कायदेशीर ११.५ टन, तो आस एकदा गेला की तुमच्या गाडीचा आस सत्तर हजारांहून जास्त वेळा गेल्याइतका मार बसतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने त्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वजनात वाढ साधारण १३ टक्के, नुकसानीत साधारण ६२ टक्के. आणि तोच आस १५ टन घेऊन गेला, जसे चिरे, रेती किंवा खनिजाच्या गाड्यांच्या बाबतीत होऊ शकते, तर कायदेशीर ट्रकच्या जवळपास तिप्पट. सावर्डे-कुडचडे किंवा उसगाव-तिस्क भागात खनिज वाहतूक जोरात असताना रस्ते कशाने चिरडले जात, ते या गणितात आहे.

म्हणून न्यूझीलंडची पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. तिथे १९७८ पासून डिझेलच्या गाड्यांना इंधनावर रस्त्याचा कर नाही. १,००० किलोमीटरचे परवाने आधी विकत घ्यायचे, दर गाडीच्या वजनावर आणि आसांच्या संख्येवर. हलक्या डिझेल गाडीला १,००० किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर, आणि एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या गाडीलाही तेवढेच. हा सगळा पैसा वाहतूक निधीत जातो. स्वित्झर्लंडने २००१ मध्ये साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना टन-किलोमीटरवर शुल्क लावले. साध्या गाडीला द्रुतमार्गासाठी वर्षाला ४० फ्रँकचे एक स्टिकर पुरते. जर्मनीत २००५ मध्ये १२ टनांवरच्या ट्रकांना टोल लागला, पुढे तो ७.५ टनांवर आणि जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवर आला; मोटारींना मात्र द्रुतमार्ग अजून मोफत. आपल्याकडे मालगाडीचा कर नोंदणीतल्या वजनावर ठरतो, ती वर्षाला १० हजार किलोमीटर धावो की लाख. राखीव निधी असला म्हणजेही सगळे साधत नाही. अमेरिकेत १९५६ पासून महामार्ग निधी आहे, पण त्याला पोसणारा गॅलनमागे १८.४ सेंटचा केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून तेवढाच राहिला, आणि २००८ पासून त्या निधीला सर्वसाधारण तिजोरीतून आधार द्यावा लागतो.

आता चतुर्थीच्या खड्ड्याकडे, कारण तुमच्या प्रश्नातला हाच भाग तुमच्या हातात येण्यासारखा आहे.

पाणी रस्त्यात तीन वाटांनी शिरते. वरून: रोलरने नीट न दाबलेल्या डांबराच्या थरात हवेची पोकळी आठ टक्क्यांच्या वर राहिली की पाणी आरपार जायला लागते. कारखान्याच्या मिश्रणात ही पोकळी ३ ते ५ टक्के ठरवलेली असते. उरलेला सगळा फरक रोलरच्या फेऱ्यांचा आणि मिश्रणाच्या तापमानाचा. बाजूने: दर दोन-तीन वर्षांनी जुन्या थरावर नवा थर चढवत गेल्यामुळे रस्ता उंचावतो, साईडपट्टी तशीच राहते किंवा तिथे माती टाकून ती रस्त्याहून वर येते, आणि पाणी काठावर तुंबते. गावातल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे, आणि गेटमध्ये गाडी घेता यावी म्हणून प्रत्येकाने गटारावर टाकलेली लादी. त्या लादीखाली पाला अडकतो, गटार भरते आणि पाण्याला रस्ताच वाहायला मिळतो. खालून: खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतून, जाणाऱ्या रस्त्याखाली मऊ चिखलमाती आणि भरतीला वर येणारे पाणी. ती माती वजनाखाली वर्षानुवर्षे दबत राहते. पुलाजवळ भराव खचून उंचवटा जाणवतो तो याच कारणाने. त्याला डांबराचा थर चढवून भागत नाही. आधी जादा भराव टाकून, उभ्या निचरापट्ट्या घालून पाणी बाहेर काढावे लागते आणि त्याला महिने द्यावे लागतात.

शिरलेल्या पाण्याचे पुढे काय होते ते कळले की खड्डा वाचता येतो. जड चाक जाते तेव्हा पोकळीतले पाणी दाबाने इकडेतिकडे सुटते, खडीवरचे डांबर सोलले जाते आणि खालच्या थरातली बारीक माती वर उपसली जाते. पाऊस थांबल्यावर भेगेभोवती पाहा. लालसर डाग असेल तर खालचा मुरूम वाहून येतो आहे. राखाडी असेल तर दगडाचा चुरा, म्हणजे खडीच्या पायाचा थर. दोन्ही बाबतींत तिथे काही आठवड्यांत खोल खड्डा पडणार. खड्डा पडल्यावर त्याच्या तळाकडे पाहा. उथळ, दोन-तीन सेंटिमीटरचा, तळ सपाट आणि खाली जुना काळा रस्ता दिसत असेल तर नवा थर जुन्याला चिकटलाच नव्हता. म्हणजे टॅक कोटमध्ये, दोन थर चिकटवणाऱ्या डांबरी लेपात, दोष. खोल, तळाशी चिखल आणि सुटी खडी असेल तर पायाच गेला. पहिल्यावर योग्य थर पुरतो. दुसऱ्यावर वरून कितीही हॉटमिक्स (गरम डांबरी मिश्रण) ओता, पाणी खालून ते ढकलणारच.

चतुर्थीच्या आधीचे काम टिकत नाही त्याचे कारणही इथेच. ऑगस्ट-सप्टेंबरात हॉटमिक्सचे प्लांट सहसा बंद, खड्डा ओला, काठ सुटलेले. त्यात टाकलेली सुकी खडी किंवा चिरेमाती पहिल्या जोरदार सरीत बाहेर येते. पावसात करायचेच असेल तर त्यासाठी थंड मिश्रण मिळते, इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचे वेगळे मानक (आयआरसी ११६) २०१४ मध्ये काढले आहे. पण कृती तीच राहते: सुटलेला भाग ओलांडून घट्ट डांबर लागेपर्यंत चौकोनी कापायचे, काठ उभे ठेवायचे, पाणी आणि माती काढायची, तळाला आणि चारही काठांना डांबरी इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) लावायचे, ७५ मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी न टाकता काठाकडून मध्याकडे प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट तळाच्या, थरथरत दाबणाऱ्या यंत्राने) दाबायचे आणि शेवटी तीन-पाच मिलिमीटर वर ठेवायचे, म्हणजे वाहतुकीने बसून ते समतल होते. गोल खड्ड्यात फावड्याने ओतून वर टायर फिरवला की पंधरा दिवसांत तोच खड्डा आणखी मोठा होऊन परत येतो.

ऑक्टोबर ते मे हा हॉटमिक्सचा हंगाम. त्यातही एप्रिल-मेची घाई सर्वांत वाईट, कारण ताज्या थराला लगेच जूनचा मारा. तुमच्या वाड्यावर काम चालू असेल तर कुठलेही उपकरण न वापरता बऱ्याच गोष्टी तपासता येतात. नव्या खडीच्या पायावर प्राइम कोट, म्हणजे खडीत मुरणारा पातळ डांबरी लेप, मारला असेल तर तो मुरायला साधारण दिवस जावा लागतो. जुन्या डांबरावर टॅक कोट चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. मारताना तो तपकिरी असतो आणि त्यातले पाणी उडाले की काळा होतो. तपकिरी असतानाच किंवा धुळीवर मारून हॉटमिक्स टाकले तर वर सांगितलेला सपाट तळाचा खड्डा ठरलेलाच. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश हवे आणि दाबण्याचे काम ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपले पाहिजे. ट्रकमधून निळसर धूर निघत असेल तर डांबर करपले. मिश्रण निस्तेज, ढेकळांचे आणि ताठर दिसत असेल तर ते गार झाले. लांबच्या प्लांटमधून ताडपत्री न टाकता आलेल्या ट्रकाचे हमखास असे होते.

जाडी तपासायला टिपर मोजा. ५.५ मीटर रुंद रस्ता, १०० मीटर लांबी, दाबल्यावर ३० मिलिमीटर थर: १६.५ घनमीटर, म्हणजे घनमीटरला २.३५ टन धरून सुमारे ३९ टन. १३ टनांचे तीन टिपर. दोनच आले तर तुम्हाला २० मिलिमीटर मिळाले. उतार तपासायला दोरी पुरते. जास्त पावसाच्या भागात मध्यापासून काठापर्यंत २.५ टक्के उतार लागतो; ५.५ मीटर रस्त्याला तो मध्याशी सुमारे ७ सेंटिमीटर येतो, ३.७५ मीटरच्या गावरस्त्याला पावणेपाच. मध्यावर ताणलेल्या दोरीपासून काठ तेवढा खाली नसेल तर पाणी रस्त्यावरच थांबणार. आणि काम सुरू होण्याआधी गटार साफ झाले का, हे सर्वांत आधी पाहा. गटाराशिवाय केलेले हॉटमिक्स हा पैसा पाण्यात घालण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

मलनिस्सारण, भूमिगत वीजवाहिनी, नळ, फायबर यांसाठी खोदलेले चर हे खड्ड्यांचे दुसरे मोठे कारण. चर भरताना मातीचा दर १५ ते २० सेंटिमीटरचा थर वेगळा दाबला पाहिजे. सगळा भरून वर एकदाच दाबला तर पहिल्याच पावसात लांबट खाच पडते, आणि दुचाकीचे चाक तीत अडकते. काँक्रीटचा रस्ता यावर रामबाण म्हणून सांगितला जातो. पाणी साचणाऱ्या चौकात आणि बसथांब्यावर तो योग्य आहे, पण खालच्या वाहिन्या टाकून झाल्याशिवाय केला तर पुढचे खोदकाम कितीतरी महाग पडते.

ब्रिटनकडून गोव्याने घ्यावे असे एक मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या १९८० च्या महामार्ग कायद्यातले ४१ वे कलम रस्ता नीट ठेवण्याचे बंधन घालते आणि ५८ वे कलम कौन्सिलला बचाव देते: ठरलेल्या तारखांना तपासणी केली आणि दिसलेले दोष दुरुस्त केले, याची नोंद दाखवता आली तर भरपाई द्यावी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक रस्त्याची तपासणी कधी झाली याची वही ठेवणे कौन्सिलच्याच फायद्याचे ठरते. बऱ्याच कौन्सिलांत ४० मिलिमीटर खोलीचा खड्डा नोंदवून ठरलेल्या मुदतीत बुजवायचा, असा दंडक आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्ता मानकाप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. जबाबदारी ठरू लागली आहे. पण अपघातानंतर दंड होण्याआधी तपासणीची तारीख असायला हवी, आणि ती मागितल्याशिवाय मिळणार नाही.

तर तुम्ही मागा. आधी रस्ता कोणाचा ते पाहा: ६६ किंवा ७४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असेल तर साबांखाचा महामार्ग विभाग, राज्य आणि जिल्हा मार्ग असेल तर स्थानिक साबांखा विभाग, शहरात पालिका, वाड्यात बऱ्याचदा पंचायत. चुकीच्या दारी दिलेली तक्रार तिथेच पडून राहते. मग १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. "रस्ता खराब का?" असे विचारू नका, त्याला कागद नसतो. कामाचा आदेश आणि दोष दायित्वाची मुदत संपण्याची तारीख मागा. मोजणी पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मोजमापे नोंदवतात त्या वहीच्या) त्या कामाच्या पानांची प्रत, मंजूर मिश्रणाचे सूत्र, थरातून काढलेल्या नमुन्याची जाडी आणि घनता, डांबराचे प्रमाण तपासल्याचा अहवाल मागा. दोष दायित्वाची मुदत, जी डांबरी कामांना साधारण तीन ते पाच वर्षांची असते, चालू असेल तर तो खड्डा कंत्राटदाराने स्वखर्चाने बुजवायचा आहे. त्यासाठी नवी निविदा निघाली तर ती अर्जासोबत जोडा. फोटो काढताना खड्ड्यात उभी पट्टी धरा म्हणजे खोली दिसेल, आणि एक फोटो तळाचा जवळून घ्या. तळ सपाट आहे की चिखलाचा, एवढ्यावरून कोणता कागद आधी मागायचा ते ठरेल.